पुन्हा एकदा फुंका

“पण बाबा, आकडे पुरे झाल्याशिवाय मी बोलायचं कसं?”

डॉक्टर मुजुमदारांनी हा प्रश्न उत्तरासाठी विचारलाच नव्हता. उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं. असं काही विचारलं की समोरचा मान डोलावतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

उदयनाथबाबांनी मान डोलावली नाही. ते धुनीतली लाकडं सारखी करत राहिले.

बाबांचा मठ गावाच्या टोकाला, आणि ओढ्यापलीकडे लोखंड वितळवायचा कारखाना. त्याची काजळी तुळशीवर बसे, ताटात बसे, वाळत घातलेल्या धोतरावर बसे. गावाचं खोकणं कुणाच्या तरी कानावर गेलं, आणि धुराचा माणसांवर काय परिणाम होतो ते तपासायला सरकारने डॉक्टरांना धाडलं. रोग मोजायला सरकारकडे माणूस होता. चिमणीकडे बघायला नव्हता.

डॉक्टर दर महिन्याला येत. मठाच्या ओसरीवर रांग लागे आणि एकेक जण प्लॅस्टिकच्या नळीत जीव खाऊन फुंके. छातीत जितका दम, तितका नळीवरचा काटा पुढे सरके. डॉक्टर आकडा टिपत, आणि जीप निघून जाई.

वर्षानुवर्षं हेच. काटा दर खेपेला थोडा मागे. आणि डॉक्टरांना अभिमान कशाचा, तर एकही महिना चुकला नाही याचा!

आज मात्र गोष्ट वेगळी होती. कारखान्याला दुसरी भट्टी लावायची होती. त्याची उद्या तालुक्याला सुनावणी, आणि तिथे डॉक्टरांचा शब्द चालणार होता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ओसरीवर यमुना बसून होती, मांडीवर तिची मुलगी सगुणा. पोरीने सकाळी नळीत फुंकलं तेव्हा काटा जेमतेम हलला होता.

“सायब, उद्या सांगाल न्हवं?” यमुनाने डॉक्टरांना विचारलं होतं. “रात रात बसून काढती ही. आडवी झाली की कोंडतंय.”

“वाफ द्या तिला. आणि पुढच्या महिन्यात नक्की आणा. तिची नोंद फार महत्त्वाची आहे.”

ते बाबांनी ऐकलं, आणि डॉक्टरांना आत बोलावून घेतलं.

“मग उद्या काय सांगणार?” बाबांनी आता विचारलं.

“नोंदी अपुऱ्या आहेत. निष्कर्ष काढता येत नाही.”

“पोरीचा दम कमी होतोय ना?”

“होतोय. पण कशाने, हे घाईने ठरवता येत नाही. चुलीचा धूर असेल, अशक्तपणा असेल...”

“आणि समोरची चिमणी?”

“तीही असू शकेल.” डॉक्टर हसले. “शास्त्राला धीर लागतो, बाबा.”

“असं...” बाबा म्हणाले. “मग आम्हालाही शिकवा तो धीर.”

डॉक्टर सुखावले. म्हातारा वळणावर आला म्हणायचा.

बाबा उठले. त्यांनी दार लावून कडी घातली. झरोक्यात पोतं कोंबलं. मग लिंबाच्या ओल्या डहाळ्यांचा भारा धुनीवर टाकला आणि डॉक्टरांच्या समोर येऊन बसले.

“फुंका.”

डॉक्टरांनी गंमत म्हणून हातातल्या नळीत फुंकलं. काटा पार टोकाला गेला.

धूर उठला... आढ्याला टेकला... खाली उतरू लागला.

“फुंका.”

काटा अलीकडेच थांबला. डॉक्टर चुळबुळले. पण बाबांनी अंगारा लावल्याशिवाय धुनीपुढून उठायचं नाही, ही मठाची रीत. डॉक्टर रीत मोडणाऱ्यांतले नव्हते.

“बाबा, फार धूर झालाय.”

“धुराने त्रास होतोय? कशावरून?”

“डोळ्यांत पाणी येतंय! घसा...”

“जागरण झालं असेल. प्रवासाची धूळ असेल. पुन्हा एकदा फुंका.”

डॉक्टरांनी नळी तोंडाला लावली आणि त्यांना ठसका लागला. बाबाही खोकत होते. त्यांची म्हातारी छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, पण ते जागचे हलले नाहीत.

“दार उघडा!”

“उघडू की. एवढ्याशा आकड्यांवर ठरवायचं कसं? फुंका.”

“चेष्टा करताय माझी? माणूस मरेल इथं!”

“मेला तर तीही नोंद होईल,” बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यात संताप होता.

डॉक्टर उठले. अंगारा राहिला, रीत राहिली, नळी तिथेच पडली. भिंत चाचपत ते दाराशी गेले. कडी हाताला लागेना... लागली तर सरकेना. शेवटी दार धाडकन उघडून ते ओसरीवर आले आणि खांबाला धरून खोकत सुटले.

यमुनाने पाण्याचा तांब्या पुढे केला. डॉक्टर खाली कोसळणार, तेवढ्यात सगुणाने त्यांची बाही धरली.

“आडवं हू नका, सायब,” ती धापा टाकत म्हणाली. “बसून ऱ्हायचं.”

डॉक्टर बसून राहिले. पोरगी त्यांच्या शेजारी बसली. ओढ्यापलीकडे चिमणी धूर सोडतच होती.

बाबा सावकाश बाहेर आले. त्यांनी नळी धोतराला पुसली आणि डॉक्टरांच्या हातात ठेवली.

“नोंदी पुऱ्या व्हायच्या आतच दार उघडलंत, डॉक्टर?”