हंड्यातल्या संध्याकाळी

एका राज्यात रोज संध्याकाळ व्हायची, पण एका छपराखाली ती होत नसे. राज्य तसं मोठं गुणाचं. तिथले पक्षी बोलत, उंबरठे ऐकत, विहिरीला नावानं हाक मारली तर पाणी वर येई. यात कुणाला नवल वाटत नसे. पण राजा शूरपाळाच्या मागशाळेवर ऊन चिंचेच्या शेंड्यापर्यंत उतरलं आणि तिथंच थांबलं. किती काळ थांबलं, ते आतल्या विणकरांना सांगता येत नव्हतं.

त्याचं असं झालं. राजाला हौस आली की दरबारावर आभाळाचा चांदवा हवा. पहाट, दुपार, चांदणं, सगळं एकाच कापडात. राजांच्या हौशी अशाच असतात बाई, सुचतात त्यांना आणि निस्तरतात दुसरेच. काम सोपवलं विकर्तन जादूगाराकडे. हा विकर्तन मोठा गोडबोल्या. आवाज कधी चढवायचा नाही, विणकरांना अहोजाहो करायचा. त्यानं गावोगावचे विणकर बोलावले आणि मागशाळेच्या दारात सगळ्यांदेखत करार सांगितला. दिवेलागण झाली की हात थांबतील, ज्याची संध्याकाळ त्याची. विणकरांनीही शब्द दिला की दिवेलागणीआधी धोटा खाली ठेवणार नाही. धोटा म्हणजे आडवा धागा ज्यातून धावतो ती लाकडी नळी. ती हातात आहे तोवर काम चालू, खाली ठेवली की काम थांबलं, असा त्या लोकांचा रिवाज.

त्या विणकरांत एक म्हाळसा होती. नवरा देवाघरी गेलेला, घरी एकुलती लेक बकुळी आणि शेजारची म्हातारी. कोनाड्यातल्या दिव्यापर्यंत बकुळीचा हात पोचत नव्हता, एवढी ती लहान. निघताना म्हाळसा तिला म्हणाली, "दिवे लागले की येते हं." आणि ती मागावर जाऊन बसली.

विकर्तनानं मागशाळेत दोन गोष्टी केल्या. पहिली अशी की माग गोलात मांडले. एरवी माग भिंतीपासून भिंतीपर्यंत ओळीनं असतात. गोलात एकमेकांची तोंडं दिसतील, गप्पा होतील, असं तो म्हणाला, आणि विणकर खूश झाले. दुसरी गोष्ट त्यानं सांगितली नाही. त्या छपरावर उतरू लागलेली संध्याकाळ त्यानं दोन्ही हातांनी गोळा केली, तांब्याच्या हंड्यात भरली, वर झाकण लावलं आणि हंडा स्वतःच्या बैठकीखाली सरकवला. पुढची आली, तीही भरली.

आत सगळं संथ झालं. भूक लागेना, झोप येईना, डोईचे केस वाढेनात. धोटे इकडून तिकडे जात आणि पिवळं ऊन कापडावर सांडलेलं राही. खरं सांगायचं तर ते दिसायला फार सुंदर होतं. त्या सुंदरपणातच ती माणसं बुडून गेली होती.

मग एकदा खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हाळसेच्या घरासमोरच्या शेवग्यावर तिचं घरटं. ती म्हणाली, "म्हाळसे, तुझी लेक पाटावर उभी राहून दिवा लावते."

म्हाळसेला हसू आलं. पोर हुशार आहे, खटपट करून लावला असेल आज. ती विणत राहिली. साळुंकी पुन्हा आली तेव्हा म्हणाली, "म्हाळसे, तुझ्या लेकीला आता पाट लागत नाही."

म्हाळसेनं मान वर केली. एका दुपारीत कुणी एवढं वाढतं का? तिनं चिंचेकडे पाहिलं. ऊन तिथंच होतं. म्हणजे बाहेर दिवसांमागून दिवस गेले होते, आणि हिची लेक तिच्याविना मोठी होत होती.

ती धोटा हातात घेऊनच विकर्तनापुढे उभी राहिली आणि घरी जायचं म्हणाली. विकर्तन हसला. त्यानं तिला बसायला सांगितलं, गूळपाणी दिलं, आणि खिडकीकडे बोट करून विचारलं की संध्याकाळ झाली आहे का, तिनंच सांगावं. झाली नसेल तर शब्द कोण मोडतंय? दार तर उघडंच आहे. फक्त वेळेआधी जो धोटा ठेवील त्याचे हात लाकडाचे होतील, मग त्याला कुठल्याच मागावर बसता येणार नाही. त्यानं दाराबाहेर पाहिलं, म्हाळसेनंही पाहिलं. तिथं पायरीवर त्यांच्यातलीच एक विणकरीण, गोदा, बसली होती. तिनं एकटीनं धोटा ठेवला होता. तिचे दोन्ही हात मनगटापासून शिसवी झाले होते, आणि ती ते मांडीवर घेऊन नुसती बसली होती. म्हाळसा गप्प मागावर परतली.

पण साळुंकी काही गप्प बसणारी नव्हती. ती उडत थेट राजाच्या सज्जात गेली आणि तिनं गाऱ्हाणं घातलं. राजा शूरपाळ वाईट नव्हता, बेफिकीर होता. चांदवा कुठवर आला एवढंच तो विचारी, विणणारे कुठवर आले ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. पण राज्याचा कायदा तो पाळी. तो म्हणाला, "धन्याविरुद्ध तक्रार असेल तर तीन गोष्टी दाखवाव्या. करार ऐकलेला साक्षीदार बोलावा. चोरीचा माल सापडावा. आणि तक्रार एकटीची नाही हे कळावं. मी दारात येऊन उभा राहतो." साळुंकीनं तो निरोप जसाच्या तसा म्हाळसेला दिला.

आता साक्षीदार कुठून आणायचा? विणकर सगळे कराराचे वाटेकरी, आणि विकर्तन स्वतःविरुद्ध कशाला बोलेल? विचार करत म्हाळसा पाणी प्यायला दारापाशी गेली. हातात धोटा असला तर पाण्याला उठायची मुभा होती. माठाशेजारी उंबरठा होता, आणि करार झाला तो त्याच्याच डोक्यावर. तिनं वाकून त्याला विचारलं. उंबरठा बोलेना. त्याला मधोमध चीर गेली होती. तिन्हीसांजेला उंबरठ्यावर पाणी शिंपडतात ना, ते इथं कुणी शिंपडलंच नव्हतं. शिंपडणार कधी, तिन्हीसांज झालीच नव्हती. म्हाळसेनं आपल्या वाटणीचं पाणी न पिता त्याच्यावर ओतलं. दर खेपेला ओतत राहिली, तिची स्वतःची जीभ टाळ्याला चिकटली, आणि अखेर चीर मिटली.

उंबरठा म्हणाला, "मी ऐकलं आहे. विचारील त्याला सांगीन." मग हळूच पुढे म्हणाला, "माल बैठकीखाली आहे. हंड्यात सगळ्यांच्या संध्याकाळी आहेत, म्हणून सगळ्यांचे हात रिकामे होतील तेव्हाच झाकण निघेल."

विकर्तन चांदव्याची घडी बघायला उठला तेव्हा म्हाळसा त्याच्या बैठकीपाशी गेली आणि तिनं हंड्याला कान लावला. आत गुरं परतत होती. घंटा वाजत होत्या, कुणीतरी चूल फुंकत होतं. आणि त्यातून एक आवाज आला, "आई." बोबडा आवाज होता. मग तोच आवाज जरा मोठा झाला, "आई." मग आणखी मोठा. कितीतरी संध्याकाळी एकामागून एक तिला हाक मारत होत्या. म्हाळसा तिथंच खाली बसली आणि रडली. हातातला धोटा मात्र तिनं घट्ट धरून ठेवला, कारण अजून एक गोष्ट उरली होती.

ती गोल फिरून प्रत्येकाला सांगून आली. सगळ्यांना पटलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि उठलं कोण म्हणाल? कुणीही नाही. भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठी अडचण दुसरी होती. विणकरांचा जुना शिरस्ता असा की शेजाऱ्याची ओळ पुरी झाल्याशिवाय आपण धोटा ठेवायचा नाही, तो उद्धटपणा. सरळ रांगेत भिंतीकडेच्या विणकराला पुढे शेजारी नसतो. तो आधी ठेवतो, मग त्याच्या अलीकडचा, अशी सगळी रांग सुटते. इथं भिंतच नव्हती. हा म्हणे तिची ओळ व्हायची आहे, ती म्हणे त्याची व्हायची आहे, आणि त्याचं त्या पलीकडच्याकडे बोट. म्हाळसेच्या उजवीकडे येसोबा बसे. म्हातारा, तिरसट, पण कामात चोख. तोही मान न वर करता म्हणाला की तुझी ओळ संपू दे, मग बघतो. अगं बाई, म्हणजे आपल्याच भलेपणानं आपल्याला बांधलंय. विकर्तनानं माग गोलात का मांडले ते म्हाळसेला तेव्हा कळलं.

दारात राजा येऊन उभा होता. साळुंकी त्याच्या खांद्यावर होती.

म्हाळसा मागावर बसली. तिनं अर्धी ओळ विणली. मग अर्ध्या ओळीतच थांबून तिनं येसोबाला हात जोडले. "दादा, शिरस्ता मोडते. मला माफ करा." आणि तिनं धोटा जमिनीवर ठेवला.

बोटं जड झाली. नखांवर लाकडाच्या रेघा उमटल्या, मग तळव्यांवर. गोलातले सगळे धोटे जागच्या जागी थबकले. विकर्तन लगबगीनं आला. अजूनही तो गोडच बोलत होता. तो येसोबाला म्हणाला की कारागिरानं अर्धवट टाकलेली ओळ शेजाऱ्यानं पुरी करायची असते, हाही तुमचाच शिरस्ता आहे. ती तेवढी पुरी करावी, कामात खंड नको, म्हणजे गोल तुटणार नाही.

येसोबानं म्हाळसेच्या हातांकडे पाहिलं. मग दाराबाहेर गोदेच्या हातांकडे पाहिलं. गोदेनं धोटा ठेवला तेव्हा तिची अर्धी ओळ त्यानंच निमूटपणे पुरी केली होती.

"पोरीची ओळ पोरीची आहे," येसोबा म्हणाला. "मी हात लावणार नाही." त्यानं आपला धोटा म्हाळसेच्या धोट्याशेजारी ठेवला.

मग त्याच्या शेजारणीनं ठेवला. तिच्या पलीकडच्यानं ठेवला. लाकडावर लाकूड टेकल्याचा बारीक आवाज गोल फिरत गेला आणि फिरत फिरत म्हाळसेच्या डाव्या हाताशी येऊन थांबला. आता कुणाच्याच हातात काही नव्हतं. बैठकीखाली झाकण वाजलं, आणि हंडा कलंडला.

संध्याकाळी बाहेर आल्या. आधी जमिनीवरून, मग गुडघ्यापर्यंत, मग छपरापर्यंत. जांभळ्या, केशरी, धुरकट, पावसाळी, थंडीच्या, सगळ्या एकदम. चिंचेवरचं ऊन उतरलं. म्हाळसेचे हात मऊ झाले, पायरीवर गोदेचेही झाले, आणि गोदा आपली बोटं मोजत हसू लागली. सगळ्यांना एकदम भूक लागली. केस पांढरे झाले काहींचे, पण त्याकडे लक्ष कुणाचं होतं?

राजानं उंबरठ्याला विचारलं. उंबरठ्यानं करार शब्दाला शब्द सांगितला. विकर्तन म्हणाला की आपण सारं राजाच्या चांदव्यासाठीच केलं. राजानं ते मानलं, कारण ते खोटं नव्हतं. मग तो बोलला. "चांदवा माझा, म्हणून चूकही थोडी माझी. माग सरळ रांगेत लागतील. काम सुटायची वेळ धनी ठरवणार नाही, आभाळ ठरवील. आणि विकर्तना, इथला दिवा आजपासून तू लावायचास, रोज, वेळेवर. उशीर केलास तर तुझे हात लाकडाचे." विकर्तनानं काकडा पेटवला आणि दिवा लावला. चांदवा अर्धाच राहिला. पुढं तो पुरा झाला म्हणतात, दिवसाउजेडी.

म्हाळसा मात्र दिवा लागताच निघाली होती. वाटेत तिच्या संध्याकाळी तिच्याबरोबर चालत होत्या. एका वळणावर थंडी होती, पुढच्या वळणावर आंब्याचा मोहोर. शेवगा आला, घर आलं. उंबरठ्यावर एक मुलगी बसली होती, जवळजवळ म्हाळसेएवढी. आपली पोर आपल्याला ओळखील की नाही, या भीतीनं म्हाळसा तिच्याऐवजी घरात बघू लागली.

आत कोनाड्यात दिवा होता. त्यातलं तेल तळाला गेलं होतं, वात काजळली होती. तिन्हीसांज तर आत्ता कुठं होत होती. म्हाळसेनं विचारलं, "दिवा इतका कसा जळला गं?"

"तू म्हणाली होतीस, दिवे लागले की येते," बकुळी म्हणाली. "म्हणून मी रोज थोडा लवकर लावत गेले. आज सकाळीच लावला."

म्हाळसेनं बुधली उतरवली आणि दिव्यात तेल घातलं. मग तिनं लेकीला जवळ घेतलं. बाहेर संध्याकाळ झाली होती, आणि ती त्या दोघींची होती.