विसरायचं काम

यंत्रं माणसांपेक्षा जास्त बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. एका गावच्या वाचनालयात पत्त्यांच्या कॅटाएवढा एक चिमुकला संगणक होता. ग्रंथपाल वेणूताईंनी त्याला एकच काम नेमून दिलं होतं. कुणी काही विचारलं, की बाहेरच्या मोठ्या शोधयंत्रांना स्वतःच्या नावाने विचारायचं, उत्तर आणून द्यायचं, आणि विचारणाऱ्याला विसरून जायचं.

धूळ बसू नये म्हणून ताईंनी त्याला स्टीलच्या डब्यात ठेवलेलं. बिचारा आत तापायचा, धापा टाकायचा, उत्तराला वेळ लावायचा. वाचनालयाचा मोबाइल हसायचा. "माणसं लक्षात ठेव की लेका! मग बघ कसं झटपट जमतं."

"उशीर झाला तर होऊ दे," चिमुकला म्हणायचा. "विसरायचं म्हणजे विसरायचं."

गावातल्या गुलाबअक्काने एकदा त्या मोबाइललाच छातीतल्या गाठीबद्दल विचारलं. उत्तर लगेच मिळालं, पण नंतर जो कुणी मोबाइल हातात घेई, त्याला गाठीच्या दवाखान्यांच्या जाहिराती दिसू लागल्या. 'कुणाला झालीय गाठ?' अशी गावभर कुजबुज सुरू झाली.

तपासणी कुठे होते, हे विचारायला अक्का एका सकाळी चिमुकल्यापुढे आली. तो तापून दोनदा बंद पडला, तिसऱ्यांदा उठला. अक्काने डब्याचं झाकण काढलं, पदराने वारा घातला. उत्तर आलं. तिने ते दोनदा वाचलं आणि तालुक्याची एसटी धरली.

संध्याकाळी तिची जाऊ आली. "सकाळी अक्का काय विचारून गेली रे?"

मोबाइलने कान टवकारले.

चिमुकला अगदी मनापासून म्हणाला, "कोण अक्का?"