कोब्यावरची कढी

धामणगडच्या सुभानराजांनी जेवणघरात चुन्याचा नवा कोबा घालून घेतला, आणि आठवड्याच्या आत त्यावर पिवळा डाग पडला. नेमका राजांच्या पाटापुढे, दुसरीकडे कुठेही नाही. त्यावरून काय समजायचं ते सगळा वाडा समजला होता, पण बोलणार कोण? भाताच्या ढिगात आळं करून त्यात कढी ओतून घ्यायची राजांना सवय. आळं फुटायचं, कढी पत्रावळीवरून निघून गावभर हिंडायची, आणि कोबा ती पिऊन टाकायचा.

राजांनी दोष दिला पुसणाऱ्या गोजराबाईला. राजकन्येच्या लग्नाची पंगत बसायच्या आत, एका पुसण्यात साफ होईल असा लेप कोब्याला शोधा. नाहीतर हिने वाड्यामागची खोली सोडावी, असा हुकूम सुटला. त्या खोलीत गोजराबाई सून म्हणून आली होती. तिने डोळ्यांना पदर लावला. तिची सून राही हिला मात्र रडू आलं नाही, राग आला.

लेपवाले तिघं आले. एकाने मेण घोटलं, दुसऱ्याने लाख चढवली, तिसऱ्याने कढवलेलं जवसाचं तेल मुरवलं. प्रत्येकाचा एकेक पट्टा. कारभारी त्र्यंबकपंतांनी तिन्हींवर पाणी शिंपडून फडकं फिरवलं. तिन्ही लख्ख! आता निवडायचा कुठला?

पाण्याचा कधी डाग पडतो का, असं राही पुटपुटली. ते राजांनी ऐकलं, आणि मग तूच पारख कर म्हणाले. राहीने सांगितलं, तिघांनी आपापल्या पट्ट्यावर बसून कढीभात खावा, आणि सांडेल ते ज्याचं त्याने पुसावं.

पंगत बसली. तिघंही असे जेवले, जसं काही सासुरवाडीचं पहिलं जेवण. पत्रावळीवर ओणवे होऊन, छोटे छोटे घास घेऊन. उठले तेव्हा कोब्यावर थेंब नव्हता.

पंत म्हणाले, झाली पारख, कढी मात्र फुकट गेली. राजांचा पारा चढला. त्यांनी सासूसुनेला सामान बांधायला सांगितलं. गोजराबाई सामान बांधायला वळली.

राही जागची हलली नाही. "महाराज, ज्याला पुसायचं असतं तो सांडत नाही. लेप पारखायला असा माणूस हवा, ज्याला जन्मात कधी पुसावं लागलं नाही. वाड्यात तसा एकच आहे."

पंत आढ्याकडे बघायला लागले. राजांनी एकदा डागाकडे पाहिलं, एकदा राहीकडे.

"पाट मांडा," राजे म्हणाले.

पहिल्यांदा ते मेणावर बसले. आळं केलं, फुटलं, गरम कढीने मेण पातळ झालं आणि पिवळं होऊन बसलं. मग लाखेवर. तिथे डाग निघेना, घासला तर लाखेचा पापुद्राच हातात आला. शेवटी जवसाच्या तेलावर. इथे राजांनी कसलीच कसर ठेवली नाही. कढी थेट पंतांच्या पायापर्यंत गेली. गोजराबाईने एकदाच फडकं फिरवलं. राजांनी स्वतः वाकून बोट लावून पाहिलं. बोट कोरडं, कोबा पांढरा.

"सगळ्या कोब्याला जवसाचं तेल," राजांनी फर्मावलं. "आणि पोरी, तुला काय हवं ते माग."

राहीने खोली सासूच्या नावे कायमची मागितली. राजांनी मान डोलावली. आणखी काही? तर ती म्हणाली, महाराजांची कढी यापुढे वाटीत वाढावी.

राजांनी भुवया चढवल्या. "मी वाटीतून खाल्ली तर एवढं तेल मुरवायचं कशाला?"

"पंगतीला व्याही येणार आहेत ना महाराज. तेही राजेच."

सुभानराजे असे हसले, असे हसले, की हात लागून पुढ्यातली पत्रावळ कलंडली. गोजराबाईने एकदा फडकं फिरवलं, आणि आपल्या खोलीकडे गेली.