कोपऱ्याचा दगड

फार मागे कोकणातल्या एका बंदरात, धक्क्यावर दगडी वखार उभी होती. वादळात सापडलेले खलाशी तिच्या आडोशाला येत. मग लढाई पेटली, तोफा डागल्या गेल्या आणि वखार कोसळली. तिचे काळे दगड फुटून गेले; फक्त कोपऱ्याचा एक दगड धक्क्याखालच्या चिखलात शाबूत पडून राहिला.

लढाई संपल्यावर गावाने वखार पुन्हा बांधायला काढली. बाबल गवंडी कोपऱ्याच्या दगडाला म्हणाला, "ऊठ बाबा, काम आहे."

"मी नाही येणार," दगड म्हणाला. "पुन्हा उभं राहायचं आणि पुन्हा तोफा खायच्या! इथेच बरा आहे मी."

बाबलने जबरदस्ती केली नाही. डोंगरातून नवे दगड फोडून आणून तो भिंत रचू लागला.

त्या दगडांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. भरतीच्या लाटा धक्क्यावर आदळल्या तसे ते थरथरू लागले. चुना अजून ओला होता. बाबलने भिंतीला पाठ टेकून आधार दिला, तरी तिचं एक टोक ढासळलंच.

"कोण मारतंय आम्हाला?" एक लहान दगड रडू लागला.

"अरे, ती भरती आहे," खालून कोपऱ्याचा म्हातारा दगड म्हणाला. "येते आणि जाते. घाबरू नका."

"तुम्ही खालून सांगता. आम्ही टेकायचं कुणाला?"

पाणी ओसरल्यावर म्हाताऱ्याने हाक मारली, "बाबल, मला वर घे."

"आणि तोफा आल्या तर?"

"आल्या तर बघू. भरती मात्र उद्याही येणार आहे. मला या पोरांशेजारी बसव."