एका म्हशीच्या दोन म्हशी

गुरांच्या डॉक्टर बागेश्री तांबट यांच्या नव्या गाडीवर ऊन पडलं, की समोरच्या काचेतून एका म्हशीच्या दोन दिसत. काल त्यातली खरी म्हैस थोडक्यात वाचली! आज सकाळी बाई तडक शोरूममध्ये गेल्या.

मॅनेजर रणदिवे ऐटीत म्हणाले, "काच उत्तम आहे, मॅडम. दोष तुमच्या नजरेत आहे."

"असेल. तुमची नजर चांगली आहे ना? मग ही माझी गाडी बाहेर उन्हात चालवा आणि समोरच्या तुमच्या गाडीपासून वीतभर अंतरावर थांबवा."

सगळे कामगार बघायला धावले. रणदिवे जेमतेम चार हात पुढे गेले आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला. "छे, छे! मला तर दोन गाड्या दिसतायत!"

"मग बोला साहेब, आपल्या दोघांचे डोळे बदलायचे, की एक काच?"

एकच हशा पिकला. दुपारच्या आत काच बदलली गेली!