ठुमीच्या स्टँडचा तिसरा पाय

गोठ्यामागच्या बिळात राहायची ठुमी. ठुमी म्हणजे चिचुंद्री. नाक लांब, शेपूट लांब, बाकी सगळी मूठभर.

ठुमीने कॅमेरा घेतला. मोठा उचलेना, म्हणून छोटा घेतला. त्याला तीन पायांचा स्टँड घेतला. गोठ्यात असतो अंधार. अंधारात हात हलला, की फोटो बिघडला! म्हणून स्टँड हवाच.

शेळीकाकू म्हणाली, "ठुमे, आज संध्याकाळी माझ्या करडाचं बारसं. छान छान फोटो काढ. वाटीभर घुगऱ्या देईन."

ठुमीचं पहिलंवहिलं काम! पहिलीवहिली कमाई! स्टँड पाठीवर घेऊन ती निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. वाटेत होता दगड. धप्प! कट्ट! स्टँडचा एक पाय मोडला.

दोन पायांवर स्टँड उभा राहतो होय? नाही ना. बिचारी ठुमी गेली सुतारपक्ष्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"स्टँड काही उभा राहीना.
सुतारदादा, पाय कर ना!"

सुतारदादा म्हणाला, "लाकूड कुठंय? निंबाने फांदी दिली, तर पाय करीन."

ठुमी गेली निंबाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"सुतार पाय करीना,
स्टँड काही उभा राहीना.
निंबकाका, फांदी द्या ना!"

निंबकाका म्हणाले, "मला मुंगळे चावतात गं. सारं अंग खाजतंय. कोंबडीने मुंगळे टिपले, तर फांदी देईन."

ठुमीचे पाय दुखायला लागले. तरी गेली कोंबडीकडे. तुरु... तुरु... तुरु.

"निंब फांदी देईना,
सुतार पाय करीना,
स्टँड काही उभा राहीना.
कोंबडीताई, मुंगळे टिप ना!"

कोंबडीताईने एक डोळा उघडला. "कालपासून ते करडू रडतंय. डोळ्याला डोळा नाही माझ्या. करडू गप्प बसलं, तर डुलकी काढीन. मग मुंगळे टिपीन."

ठुमी गेली करडाकडे. आता पळवत नव्हतं. तुरु... हुश्श... तुरु... हुश्श. आणि आता सगळं पुन्हा म्हणायचं. म्हणा बाई!

"कोंबडी मुंगळे टिपेना,
निंब फांदी देईना,
सुतार पाय करीना,
स्टँड काही उभा राहीना.
करडूबाळा, गप्प बस ना!"

"बेंऽऽ!" करडू म्हणालं, "आत्या माझ्या कानात ओरडते. कुर्र्र! मी घाबरतो. बेंऽऽ! आत्या थांबली, तर गप्प बसेन."

बारशाला आत्याच बाळाच्या कानात नाव सांगते ना? कुर्र्र करून सांगते. पण ही आत्या कालच आली, आणि कालपासून नुसता सराव करत बसली!

ठुमी गेली आत्याकडे. हुश्श... हुश्श... हुश्श. माझं तोंड दुखलं, तिचे पाय दुखले. पण म्हणायलाच हवं.

"करडू गप्प बसेना,
कोंबडी मुंगळे टिपेना,
निंब फांदी देईना,
सुतार पाय करीना,
स्टँड काही उभा राहीना.
आत्याबाई, थांबा ना!"

आत्याबाईने मान उडवली. "थांबू कशी? कुर्र्र करताना फोटोत माझं तोंड वाकडं आलं तर? चांगलं आलेलं दाखव, तर थांबेन."

अरे देवा! आत्याला हवा फोटो. फोटोला हवा स्टँड. आणि स्टँड तर मोडलेला! ठुमी मटकन खाली बसली. तिला रडू आलं. मोठ्ठं रडू आलं.

डोळे पुसता पुसता तिने दाराकडे पाहिलं. बाहेर ऊन होतं. लख्ख ऊन!

"आत्याबाई, अंगणात या! उन्हात स्टँड लागत नाही!"

आत्या अंगणात आली. तोंड केलं. कुर्र्र! ठुमीने हातातच कॅमेरा धरला. खिच्चिक!

आत्याने फोटो पाहिला. "अगं बाई! ही मीच का? छानच दिसते की!"

मग काय! आत्या थांबली. करडू गप्प बसलं. कोंबडीने डुलकी काढली, घुर्र घुर्र. उठून मुंगळे टिपले, टच टच टच. निंबाने फांदी दिली, सळ्ळ धप्प. सुताराने पाय केला, टक टक टक. आणि स्टँड उभा राहिला. ताठ!

संध्याकाळी बारसं झालं. आत्या करडाच्या कानात म्हणाली, "कुर्र्र! टपू!" सगळ्यांनी आत्याच्या पाठीत घातले धपाटे. धपा धप, धपा धप! गोठा हलला. पाळणा हलला. स्टँड नाही हलला. खिच्चिक!

शेळीकाकूने वाटी भरून घुगऱ्या दिल्या. गरम गरम, खमंग. ठुमीने वाटी मांडीवर घेतली. एक दाणा खाल्ला. किती बरं वाटलं तिला!

कोंबडीताई जवळ आली. "ठुमे, माझी पिल्लं अंड्यातून येतील ना, त्यांचे फोटो तूच काढ हं. येशील ना? काय गं? येशील ना?"

तोंडात दुसरा दाणा, आणि ठुमी गाढ झोपलेली.

ठुमीच्या वाटीत घुगऱ्या, आपल्या डोळ्यांत झोप.