उलट्या अर्थांचं क्रियापद

“मग, दोन शब्द होते की एक?” केशवगुरुजींनी विचारलं.

“दोन. आता पुरावाच मिळालाय,” वामन म्हणाला.

गुरुजी मठाच्या ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसले होते. संन्यास घेण्याआधी ते भाषा शिकवत. वामन आणि भार्गव हे त्यांचे लाडके शिष्य. तिघं मिळून इंग्रजी-मराठी कोश रचत होते. ‘क्लीव्ह’ या क्रियापदापाशी दोघांचं बिनसलं. त्याचे अर्थ दोन, तेही उलटे: चिरून वेगळं करणं, आणि घट्ट बिलगून राहणं. भार्गव म्हणे, मूळ एकच. वामन भर सभेत त्याला हसला, कोश अर्धा टाकून शहरात गेला, आणि मोठा प्राध्यापक झाला.

“जुन्या इंग्रजीत चिरण्याचं क्रियापद वेगळं, चिकटण्याचं वेगळं,” वामन सांगत होता. “लोकांच्या तोंडी झिजत झिजत दोन्ही सारखी झाली, एवढंच.”

“अस्सं.”

“म्हणजे भार्गव चुकला, गुरुजी.”

“हो. चुकला.”

“इथंच राहतो ना तो? बोलवा की त्याला.”

गुरुजींचे हात थांबले.

“श्रावणात गेला तो, वामना.”

…

वामन ओटीच्या पायरीवर टेकला.

“माझं नाव काढायचा?” वामननं विचारलं.

“रोज. तुझं बरोबर होतं, हे त्याला केव्हाच पटलं होतं.”

“मग एक ओळ लिहायची! मी धावत आलो असतो.”

“त्याला उलटं वाटायचं. म्हणायचा, वाद मिटला तर वामन कशाला येईल?”

वामनचा चेहरा उतरला.

“मी येणारच होतो… पुरावा हाती आला, की…”

“तोही त्या दिवसाचीच वाट बघत होता.”

वामननं उपरण्यानं डोळे पुसले. “आता काय करू मी, गुरुजी?”

गुरुजी उठले. कोपऱ्यातली गुंडाळलेली चटई त्यांनी आणली, झटकली, आणि स्वतःच्या समोर अंथरली.

“भार्गव इथं बसायचा. बस. आणि त्याची बाजू मांड.”

“पण… तो चुकला होता!”

“म्हणून तर त्याच्या बाजूनं कुणीतरी हवं.”